मर्सिडीज ३०० डी: गियर बदलताना दणका बसतो, गियरबॉक्स उघडायच्या आधी सल्ला हवा (फोरमवरचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

ताम्हिणी (सोमवार, रात्री)

नमस्कार मंडळी,

घरी बाबांची १९८३ ची मर्सिडीज ३०० डी आहे. डब्ल्यू १२३ बॉडी, डिझेल, ऑटोमॅटिक. १९९१ साली बाबांनी ती दिल्लीतल्या एका वकिलातीच्या वापरातून निघाल्यावर घेतली आणि स्वतः चालवत पुण्याला आणली. ताईच्या लग्नाला नवरदेव याच गाडीतून आला, आजीला शेवटचं दवाखान्यात नेलं तेही हिच्यातूनच. बाबा गेल्यापासून मी सांभाळतो. कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते आणि रविवारी पौड रस्त्याने ताम्हिणीकडे एक चक्कर होते.

गेले चार महिने गियर बदलताना दणका बसतो. सगळ्यात वाईट दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना. मागच्या सीटवर आई बसलेली असेल तर तिची मान हलते, इतका. पार्कमधून रिव्हर्सला टाकलं की खालून ‘धाड’ असा आवाज येतो. विशेष म्हणजे कर्वे रस्त्यावर हळूहळू चालवताना त्रास जास्त, आणि चांदणी चौकाच्या चढाला पाय दाबला की जवळजवळ नाहीच.

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी आठ दिवस ठेवून घेतली, तेल बदललं, ‘थोडं अॅडजस्ट केलंय’ म्हणाले. दणका थोडा कमी झाला, पण गेला नाही. परत नेली तर म्हणतात क्लच प्लेटा गेल्या, बॉक्स उतरवावा लागेल, पावणेदोन लाख धरून चाला. पैसे कुठूनतरी उभे करीन, पण इतक्या जुन्या बॉक्सला एकदा हात लागला की तो परत नीट जुळेल का, ही भीती आहे.

बाकी तब्येत चांगली आहे. इंजिन एका स्टार्टला चालू होतं. किल्ली फिरवल्यावर बंद व्हायला तीन-चार सेकंद घेतं, पण वय झालंय म्हणून मी लक्ष दिलं नाही. मागचं डावं दार सेंट्रल लॉकने लागतं पण उघडत नाही, खुंटी हाताने वर ओढतो. त्याचा इथे संबंध नाही, गाडीची पूर्ण अवस्था कळावी म्हणून लिहिलं.

काय करू?

एरंडवणे (सोमवार, रात्री)

आधी तेलाची पातळी सांगा. आणि ती कशी मोजली तेही सांगा. बहुतेक जण इंजिन बंद करून डिपस्टिक काढतात, जशी इंजिन ऑइलची बघतात तशी. ऑटोमॅटिकमध्ये ते चुकीचं. गाडी सपाटीवर, किमान पंधरा-वीस किलोमीटर चालून तेल गरम झालेलं, गियर पार्कमध्ये आणि इंजिन चालू. तेव्हाच पातळी खरी दिसते. गार असताना ती खालीच दिसणार. ते पाहून कोणी वरून ओतलं की जास्त होतं, आणि जास्त झालेल्या तेलाला आत फेस येतो.

माझ्या मामांच्या इम्पालात पॉवरग्लाइड बॉक्स होता, १९५० साली आलेल्या घराण्यातला, दोनच गती. तेल सारखं कमी व्हायचं आणि फरशीवर मात्र एक थेंब नाही. सगळे चक्रावले होते. शेवटी सापडलं ते असं: मॉड्युलेटरचा (बॉक्समधल्या तेलाचा दाब ठरवणाऱ्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या भागाचा) पडदा फाटला होता आणि पेट्रोल इंजिन गियरबॉक्सचं तेल नळीतून ओढून जाळत होतं. मागून पांढरा धूर यायचा, त्याला सगळे इंजिनाचा दोष समजत होते. त्यामुळे धूर आहे का, तेही बघा.

घाटवाट (मंगळवार, सकाळी)

मी स्पष्ट लिहितो. चाळीस वर्षं जुना ऑटोमॅटिक बॉक्स पुण्यात उघडून परत तसाच बसवणारे हात कमी राहिलेत. त्यापेक्षा मॅन्युअल बॉक्स शोधा. या गाडीला चार गतींचा मॅन्युअल मूळ कंपनीकडूनच यायचा, त्यामुळे फार कापाकापी नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातही बुधवारी-रविवारी चक्कर मारत राहा. अख्खा बॉक्स मिळेलच असं नाही, पण पेडल, दांड्या असलं किरकोळ सामान नशिबाने हाती लागतं. एकदा बदलला की आयुष्यभराची कटकट संपली.

जुना फोरमन (मंगळवार, दुपारी)

ताम्हिणी, बॉक्स उघडू नका. मॅन्युअलचा विचारही आत्ता करू नका. घाटवाट यांचा अनुभव मोठा आहे, पण इथे बॉक्स आजारी आहे हेच अजून ठरलेलं नाही.

तुमचं लिखाण दोनदा वाचलं. दणका, किल्ली काढल्यावर इंजिनचं रेंगाळणं आणि मागचं डावं दार, या तीन वेगळ्या गोष्टी म्हणून तुम्ही लिहिल्यात. मला तो एकच आजार वाटतो.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटल हवा अडवतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम (हवेची ओढ) आपोआप तयार होतो. तुमच्या डिझेलमध्ये हवा अडवणारं काही नाहीच, म्हणून इंजिनाच्या तोंडाशी वेगळा व्हॅक्यूम पंप दिलाय. त्या एका पंपावर ब्रेकचं पेडल हलकं करणारा बूस्टर चालतो, किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद करणारा डबा चालतो, दारांचं लॉकिंग चालतं आणि गियरबॉक्सचा मॉड्युलेटरही चालतो. पेठेतल्या वाड्यात एका नळावर पाच बिऱ्हाडं असायची तसं समजा. एका बिऱ्हाडाने नळ उघडा टाकला की शेवटच्या घरात बादली भरत नाही.

आता मॉड्युलेटर काय करतो ते बघा. पाय हलका असतो तेव्हा त्याला भरपूर व्हॅक्यूम मिळतो, तो आतल्या तेलाचा दाब कमी ठेवतो आणि क्लच अलगद पकडतो. तुम्ही पाय दाबला की इंजेक्शन पंपावरचा छोटा व्हॉल्व्ह व्हॅक्यूम सोडून देतो, दाब चढतो आणि क्लच घट्ट पकडतो, कारण इंजिनाचा जोर वाढलेला असतो. वाटेत कुठे गळती असेल तर मॉड्युलेटरपर्यंत व्हॅक्यूम पोचत नाही. बॉक्सला वाटतं तुम्ही कायम पूर्ण पाय दाबून आहात. म्हणून कर्वे रस्त्यावर दणका आणि चढाला सगळं सुरळीत. चढावर बॉक्सचा समज खरा असतो! क्लच प्लेटा गेल्या असत्या तर बरोबर उलटं झालं असतं. चढावर गाडी घसरली असती, इंजिन ओरडलं असतं आणि वेग वाढला नसता.

या क्रमाने बघा:

पहिलं तेल, एरंडवणे यांनी सांगितलं तसं. पुसायला सुती चिंधी किंवा वेस्ट कॉटन घेऊ नका, धागा आत गेला तर बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकतो. कागद किंवा धागा न सुटणारं कापड घ्या. रंग लाल हवा. वासाला करपट असेल तर लगेच इथे कळवा. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे जेमतेम ०.३ लिटर, त्यामुळे ओतायचं झालं तर चहाच्या कपाने ओता, डब्याने नाही.

मग आयडलिंग, म्हणजे पाय न लावता इंजिनाचा वेग. साधारण ७५० आरपीएमच्या आसपास हवं. हजारावर असेल तर पार्कमधून गियर टाकताना निरोगी बॉक्सही दणका देतो.

मग गाडी रॅम्पवर घेऊन गियरबॉक्सची माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या रबरी चकत्या बघा. त्यांना चिरा गेल्या असतील तर ‘धाड’ आवाज तिथूनही येतो आणि बिचाऱ्या बॉक्सवर आळ जातो.

आणि मॉड्युलेटरची नळी काढून आत बघा. नळीत लाल तेल दिसलं तर पडदा फाटला.

एक गोष्ट मात्र आज रात्रीच: ब्रेकचं पेडल कडक लागतंय का? लागत असेल तर गाडी हलवू नका, बाकीचं सगळं नंतर.

ताम्हिणी (बुधवार, रात्री)

फोरमनकाका, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, खरंच आभारी आहे.

ब्रेक पेडल नेहमीसारखं मऊ आहे. भूगावपर्यंत जाऊन आलो आणि इंजिन चालू ठेवून तेल बघितलं. पातळी दोन खुणांच्या मध्ये, रंग लाल, करपट वास नाही. आयडलिंग ७५०-८०० मध्ये डुलतंय. रॅम्पवर माउंटिंग दाबून बघितली, शाबूत आहेत. पुढच्या रबरी चकतीला केसाएवढ्या चिरा आहेत, पण बोल्टपाशी फाटलेली नाही. मॉड्युलेटरची नळी आतून कोरडी.

धूर नाही.

ब्रेक ठीक आहेत म्हणजे पंप ठीक आहे, बरोबर ना? मग व्हॅक्यूम कमी कसा पडतो?

जुना फोरमन (गुरुवार, सकाळी)

चांगला प्रश्न. बूस्टरला पंपाकडून जाडजूड नळी थेट जाते. बाकीची बिऱ्हाडं त्या नळीला बारीक छिद्रातून जोडलेली असतात, मुद्दामच. दाराची नळी तुटली म्हणून ब्रेक जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार. म्हणून ब्रेक उत्तम आणि बाकीचे उपाशी, असं होऊ शकतं. बॉक्सची प्रकृती बाहेरून तरी चांगली दिसतेय.

आता व्हॅक्यूम गेज लागेल. माझ्याकडे आहे, भोसरीला येऊन घेऊन जा.

सदाफुली (गुरुवार, दुपारी)

आमच्याकडे २४० डी होती, १९७९ ची. मी त्याच गाडीवर शिकले. एक विचारते ताम्हिणीदादा, तुम्ही गाडी दारं लॉक करून चालवता की उघडी ठेवून?

आमच्या गाडीत हाच खेळ झाला होता. या गाड्यांच्या लॉकिंगला दोन वेगळ्या नळ्या असतात, एक लॉक करायची आणि एक उघडायची. ड्रायव्हरच्या दारातला स्विच एका वेळी एकाच नळीत व्हॅक्यूम सोडतो आणि दुसरी मोकळी करतो. एकाच नळीला भोक असेल तर गळती अर्धाच वेळ होते. तुमचं दार लागतं पण उघडत नाही, म्हणजे उघडायच्या बाजूला भोक असणार. आणि गाडी आपण बहुतेक वेळा लॉक न करताच चालवतो.

लॉक करून एक चक्कर मारून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, गेजसुद्धा लागत नाही.

घाटवाट (गुरुवार, दुपारी)

दाराच्या लॉकमुळे गियरबॉक्स? तीस वर्षं गाड्या चालवतोय, असं कधी ऐकलं नाही. पण करून बघायला काहीच हरकत नाही, पैसे थोडेच पडतात.

ताम्हिणी (गुरुवार, रात्री उशिरा)

हात अजून थरथरतायत, तरी आत्ताच लिहितो.

रात्री दहाला निघालो, रस्ता जरा मोकळा झाल्यावर. शेजारी बायको. पौड फाट्यापर्यंत दारं उघडी, म्हणजे लॉक न केलेली. नेहमीसारखा दणका, दुसऱ्यातून तिसऱ्यात दोनदा, तिसऱ्यातून चौथ्यात एकदा. वनाझपाशी बाजूला थांबवली. माझ्या दाराची खुंटी दाबली. बाकीच्या तीन खुंट्या ‘टप’ करून खाली गेल्या. मनात दहापर्यंत मोजले आणि निघालो.

दुसरा कधी पडला ते कळलं. तिसरा कधी पडला ते कळलंच नाही. बायको म्हणाली, ‘गियर बदलला का?’ मी आरपीएमच्या आवाजावरून सांगितलं, हो. चांदणी चौकापर्यंत गेलो, पुलाखालून वळलो, परत आलो. लोण्यातून सुरी फिरावी तसे गियर. मग चालत्या गाडीतच माझ्या दाराची खुंटी वर ओढली. पुढच्याच गियरला दणका! परत लॉक, परत मऊ. असं चार वेळा केलं.

घरी आल्यावर लॉक ठेवूनच किल्ली फिरवली. इंजिन जागच्या जागी बंद. तीन सेकंद नाही, एकही नाही. बाबा शेवटची दोन-तीन वर्षं म्हणायचे की ही बंद करताना रेंगाळते, तिला घरी यायचं नसतं. मला ते आठवून पार्किंगमध्येच बसून राहावंसं वाटलं.

सदाफुलीताई, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

सदाफुली (शुक्रवार, सकाळी)

वाचून फार आनंद झाला. उपकार वगैरे काही नाही, आमच्या गाडीवर हे शोधायला दोन वर्षं गेली होती. तुमची तरी वाचली.

जुना फोरमन (शुक्रवार, सकाळी)

शाब्बास सदाफुली. हे मला सुचायला हवं होतं.

घाटवाट, तुम्ही ऐकलं नाहीत याचं कारण आहे. मर्सिडीज कंपनी पुण्यात आली १९९४ मध्ये आणि १९९५ पासून इथे पिंपरीला डब्ल्यू १२४ जोडली जाऊ लागली. आपल्याकडच्या बऱ्याच मेकॅनिकांचा हात त्या गाडीवर बसला. डब्ल्यू १२४ मध्ये लॉकिंगला स्वतःचा वेगळा इलेक्ट्रिक पंप आहे, इंजिनाच्या पंपाशी त्याचं नातं नाही. तिथे दार बिघडलं तर फक्त दारच बिघडतं. डब्ल्यू १२३ आधीच्या पिढीची, १९७६ ते १९८५-८६ ची. जगभरात सुमारे २७ लाख बनल्या, पण आपल्याकडे त्या मोजक्याच आणि बाहेरून आलेल्या. त्यामुळे दार आणि गियर यांचं नातं माहीत असलेला माणूस मिळणं अवघड.

आता तात्पुरतं एक करा. लॉकिंगकडे जाणारी फांदी मुख्य नळीपासून सोडवा आणि तोंडाला घट्ट बसेल असा स्क्रू घाला. लॉकिंग बंद राहील, पण गाडी रोज चालवता येईल. मग निवांतपणे दार उघडा. आणि गेज न्या. ‘बरं वाटतंय’ यावर मी थांबत नाही, आकडा हवा.

गेज वाचताना लक्षात ठेवा: पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात. तिथे पूर्ण व्हॅक्यूम म्हणजे जवळपास ३० इंच पारा. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, आपल्याकडे कमाल २८ च्या आसपासच. त्यामुळे इंच-दीड इंच कमी दिसलं म्हणून पंप बदलायला धावू नका.

ताम्हिणी (शनिवार, रात्री)

आज दिवसभर दार उघडून बसलो होतो. आकडे आधी देतो.

आयडलिंगवर पंपाच्या बाजूला, दारं उघडी: ९ इंच. दारं लॉक: २१ इंच. लॉकिंगची फांदी स्क्रूने बंद केल्यावर: २२ इंच, खुंटी वर असो वा खाली.

मागच्या डाव्या दाराचं आतलं पॅनल काढलं. क्लिपा जुन्या, दोन मोडल्याच. आत दाराच्या तळाशी काळा चपटा डबा आहे, त्यातून वर एक दांडी खुंटीला जाते आणि खाली दोन नळ्या येतात. नळ्या कडक प्लास्टिकच्या, अजून उत्तम. पण नळी आणि डबा जोडणारा रबराचा छोटा कोपरा, करंगळीच्या नखाएवढा, हातात आला तो वाळलेल्या आंबोशीसारखा. बोटाने दाबल्यावर वाकला नाही, तुटलाच. तुटलेल्या कडेवर जुनी चीर काळी पडलेली होती आणि नवी तुटलेली बाजू चकचकीत. म्हणजे चीर बरीच जुनी, हळूहळू वाढत आलेली. चार महिन्यांपूर्वी तिने हद्द ओलांडली असणार.

ती उघडायच्याच बाजूची. लॉकच्या बाजूचा कोपरा कडक झालाय, पण सांधलेला आहे.

एक प्रश्न. तसाच कोपरा मिळेपर्यंत मत्स्यालयाच्या पंपाची पारदर्शक नळी लावू का? घरी आहे.

एरंडवणे (शनिवार, रात्री)

नको. ती नळी उन्हात मऊ पडते आणि व्हॅक्यूमने आत चपटी होते. बाहेरून शाबूत दिसते आणि आतून रस्ता बंद. तुम्ही परत दोन महिने शोधत बसाल. नाना पेठेत रबरी नळ्यांचं दुकान गाठा. जुना तुकडा बरोबर न्या आणि जाड भिंतीची, इंधनासाठी चालणारी नळी मागा. निपलवर थोडी जोर लावून चढली पाहिजे.

आणि चारही दारांचे, डिकीचे आणि डिझेलच्या झाकणाचे कोपरे एकदमच बदला. सगळे एकाच वयाचे आहेत.

ताम्हिणी (बुधवार, रात्री)

सगळे बदलले. मागचं डावं दार आता बाकीच्यांबरोबर उघडतं. लॉकिंगची फांदी परत जोडली, पंपाच्या बाजूला २१.५ इंच, दोन्ही स्थितींत.

पण आज नवीनच काहीतरी सुरू झालंय. दणका पूर्ण गेला, ते ठीक. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आता इंजिन क्षणभर मोकळं सुटल्यासारखं ओरडतं. आरपीएम वर उसळतो, मग गियर पकडतो. पिरंगुटच्या घाटात जास्त झालं. दारं लॉक करून मारलेल्या त्या पहिल्या चकरेतही थोडंसं असावं, पण तेव्हा मी आनंदात होतो.

म्हणजे शेवटी क्लच गेलेच का?

जुना फोरमन (बुधवार, रात्री)

गाडी लावून ठेवा. उद्या ऑफिसलाही नेऊ नका. हे मी घाबरवायला लिहीत नाही. दणक्याने प्रवाशाला त्रास होतो, पण क्लच वाचतो. ही जी उसळी आहे, तिच्यात क्लच अर्धवट पकडून घासतो आणि दर वेळी थोडा जळतो. दणक्यावर वर्षभर चालवलीत तरी चालेल, उसळीवर आठवडाही नको.

पण क्लच गेले असंही मी म्हणत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही लिहिलं होतं की गॅरेजने ‘थोडं अॅडजस्ट केलंय’ आणि त्यानंतर दणका थोडा कमी झाला. काय अॅडजस्ट केलं, ते विचारलंत का? माझा अंदाज सांगतो. मॉड्युलेटरला टोपणाखाली जुळवणीची छोटी चावी असते. उजवीकडे फिरवली की दाब वाढतो, डावीकडे फिरवली की कमी होतो. व्हॅक्यूम गळत असताना दणका येतोय म्हटल्यावर त्यांनी ती डावीकडे फिरवून दाब उतरवला असणार. गळतीने वाढलेला दाब आणि चावीने कमी केलेला दाब, दोघांनी मिळून गाडी चालत होती. आता तुम्ही गळती बंद केलीत, चावी मात्र तिथेच राहिली.

या जुळवणीने कधीही दुखणं झाकू नये. व्हॅक्यूम शंभर टक्के बरोबर आहे हे गेजवर दिसल्याशिवाय त्या चावीला हात लावायचा नसतो.

ताम्हिणी (गुरुवार, दुपारी)

गॅरेजला फोन केला. आधी टाळाटाळ झाली, मग तिथल्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं: ‘हो, दोन फेरे डावीकडे दिले होते.’ मी त्याच्यावर चिडलो नाही. त्याने सांगितलं नसतं तर मी बॉक्स उतरवला असता.

जुना फोरमन (गुरुवार, दुपारी)

त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या.

दोन फेरे परत उजवीकडे द्या, म्हणजे निदान मूळ जागेवर येईल. तेवढ्यावर सोडू नका. रविवारी गाडी रॅम्पवर घ्या, मी प्रेशर गेज घेऊन येतो. बॉक्सवर दाब मोजायला बंद केलेलं छिद्र असतं, तिथे गेज लावून बॉक्सच्या क्रमांकाप्रमाणे पुस्तकात दिलेला दाब जुळवू. पेडलपासून बॉक्सकडे जाणारी जोडणीही तेव्हाच बघू. काही गाड्यांत दांड्या असतात, काहींत केबल. ती सैल असेल तर गियर लवकर पडतात आणि उसळीला तेही कारण होतं.

नवशिका (शुक्रवार, सकाळी)

धागा सुरुवातीपासून वाचतोय. माझ्याकडे २३० ई आहे, पेट्रोल. तिच्यातही दाराची हीच भानगड असते का?

सदाफुली (शुक्रवार, सकाळी)

पेट्रोल गाडीत वेगळा पंप नसतो, व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून येतो. दारात गळती झाली तर हवा थेट इंजिनात शिरते, त्यामुळे गियरच्या आधी आयडलिंग बिघडण्याची शक्यता जास्त. इंजिन थरथरत असेल तर नळ्या तपासा. आणि एरंडवणे यांनी सांगितलेला पांढरा धूर विसरू नका.

ताम्हिणी (रविवार, रात्री)

काका सकाळी आठला आले, स्वतःचं गेज, स्वतःची चटई आणि डब्यात पोहे घेऊन. रॅम्पखाली जाऊन त्यांनी आधी दहा मिनिटं काहीच केलं नाही, नुसतं बॅटरी फिरवत बघत होते. मग म्हणाले, ‘बॉक्स कोरडा आहे, कोणी पान्याने ओरबाडलेला नाही, मला आवडला.’

दोन फेऱ्यांनंतरही दाब किंचित कमीच होता. अजून अर्ध्या फेऱ्याच्या आत काम झालं. पेडलची जोडणी एका टोकाला सैल होती, तिथलं प्लास्टिकचं बुश झिजून अंडाकृती झालं होतं. काकांनी त्यांच्या डब्यातलं एक बसवलं.

मग ते शेजारी बसले आणि मी चालवली. पिरंगुट घाट, वर-खाली दोनदा. उसळी नाही. दणका नाही. दुसऱ्या वेळी उतरताना काकांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं झोप लागली, तर म्हणाले, ‘मोजतोय. तिसरा आत्ता पडला.’

घाटवाट (रविवार, रात्री)

मी मॅन्युअल बसवायला सांगितलं होतं. माझा सल्ला चुकीचा होता. धाग्यात तो तसाच राहू द्या, पुढे वाचणाऱ्याला उपयोग होईल. अभिनंदन.

जुना फोरमन (सोमवार, सकाळी)

तीनशे किलोमीटर झाले की पुन्हा तेल बघा, गरम असताना, इंजिन चालू ठेवून. उसळी होती त्या दिवसांत किती घासलं ते रंगावरून कळेल. तपकिरी झालं असेल तर तेल आणि फिल्टर दोन्ही बदलू. या बॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरलाही (इंजिनाचा जोर तेलातून बॉक्सला देणाऱ्या भागाला) खाली ड्रेन प्लग आहे, गॅरेजवाले बऱ्याचदा फक्त खालचं पात्र रिकामं करतात आणि निम्मं जुनं तेल आतच राहतं. तो प्लगही उघडायला लावा. पात्राचे बोल्ट ताकदीने आवळू देऊ नका, ८ न्यूटन मीटर पुरतात.

ताम्हिणी (तीन आठवड्यांनी)

आज ३१० किलोमीटर झाले. तेल लाल, पातळी दोन खुणांच्या मध्ये, करपट वास नाही. पंपाच्या बाजूला २१.५ इंच, तेवढंच. किल्ली फिरवली की इंजिन लगेच बंद.

काल आईला घेऊन मुळशीला जाऊन आलो. ती मागच्या डाव्या बाजूलाच बसते, बाबा असल्यापासून. उतरताना खुंटी वर ओढायला तिने सवयीने हात नेला आणि ती आधीच वर होती.

काका, व्हॅक्यूम गेज रविवारी परत द्यायला भोसरीला येतो. आई अळूवड्या देणार आहे, डबा मोकळा ठेवा.